शंभर जणांच्या गर्दीत एकटे मामा

ग्रुपवरचे सगळेच जण एक गोष्ट सांगू लागले की ती आपल्याला खरी वाटू लागते. पण सांगणारी ती माणसे खरी आहेत कशावरून?

बडोद्याला राहणारे माझे मामा हिशेबाला पक्के. ३४ वर्षे सरकारी कचेरीत आकडेमोड केलेली. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त लावले तर परत जाऊन विचारतील आणि बँकेचे पासबुक दर महिन्याला न चुकता भरून आणतील. असा माणूस कोणाच्या बोलण्याला भुलेल असे आमच्या घरात कोणालाच वाटले नसते. म्हणूनच गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले असताना त्यांनी फोनवरचा एक ग्रुप मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे धरला, तेव्हा मी 'छान आहे' एवढेच म्हणून चहा पिऊ लागले.

शेअर बाजाराचे शिक्षण देणारा तो ग्रुप होता. सभासद ११२. एक 'प्रोफेसर' रोज सकाळी बाजार उघडण्याआधी धडा घेत. त्यांची मदतनीस म्हणवणारी एक मुलगी त्या दिवशी कोणता शेअर घ्यायचा ते सांगे. मग दिवसभर आभाराचे संदेश येत राहत. कोणी लिहिले होते, सरांमुळे मुलीच्या लग्नाचा खर्च निघाला. कोणी नफ्याच्या आकड्याचा फोटो टाकला होता. नाशिकच्या म्हणून सांगणाऱ्या एक बाई तर मामांच्या दुखऱ्या गुडघ्याची रोज चौकशी करत आणि लेप कोणता लावायचा तेही सांगत.

"यातल्या कोणाला तुम्ही ओळखता, मामा?" मी विचारले.

"ओळखायला कशाला हवं? रोज बोलतो की आम्ही," मामा म्हणाले. "आणि काय गं, एक माणूस खोटं बोलेल, दोन बोलतील. शंभर माणसं कशाला खोटं बोलतील?"

यावर मला उत्तर सुचले नाही. ते तीन महिन्यांनी मिळाले. तोपर्यंत मामांनी आधी ५० हजार आणि मग थोडे थोडे करून एकूण ६ लाख ४० हजार रुपये भरून टाकले होते. त्यात मामींच्या नावावरची मुदत ठेवही होती.

बोकड आणि तीन ठग

मामांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आपण लहानपणीच ऐकलेले असते. पंचतंत्र-हितोपदेशातून घरोघरी आलेली ती गोष्ट. एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन निघालेला असतो. वाटेत पहिला ठग भेटतो आणि म्हणतो, "अहो, खांद्यावर कुत्रा कशाला घेतलात?" ब्राह्मण चिडतो आणि पुढे जातो. थोड्या अंतरावर दुसरा भेटतो, तोही तेच म्हणतो. ब्राह्मण बोकड खाली उतरवून पाहतो. तिसऱ्याने तेच म्हटल्यावर मात्र तो बोकड टाकून घरची वाट धरतो.

या गोष्टीत ब्राह्मण मूर्ख आहे असे आपण समजतो. पण तसे पाहिले तर त्याने जे केले ते आपण रोज करतो. आपल्याला दिसते ते एक आणि तीन परकी माणसे सांगतात ते दुसरे, तर आपलीच काही चूक होत असेल असे समजणे हे शहाण्या माणसाचेच लक्षण आहे. ठगांची सगळी करामत एवढीच की ते तिघे एका जागी उभे राहिले नाहीत. एकमेकांना ओळखत नसलेली तीन माणसे एकच गोष्ट सांगत आहेत, असा देखावा त्यांनी उभा केला.

एसटी स्टँडबाहेर जडीबुटी विकणाऱ्याच्या गर्दीतही असा एक गृहस्थ असायचाच. विक्रेत्याचे बोलणे रंगात आले की तो पुढे होऊन म्हणायचा, "मागच्या महिन्यात यांच्याकडूनच नेलं होतं, कंबर पार मोकळी झाली." तीन पत्ते उलटेसुलटे फिरवून 'राणी ओळखा' म्हणणाऱ्याच्या भोवती जे दोन-तीन जण भराभर जिंकत असत, तेही त्याचेच. पॅरिसच्या ऑपेरागृहांत एकोणिसाव्या शतकात टाळ्या वाजवायला, हसायला आणि वेळेवर डोळे पुसायला भाड्याने माणसे मिळत. त्यांचे मुकादम असत आणि दरही ठरलेले असत.

तेव्हा धंदा जुनाच आहे. फरक पडला तो खर्चात. तीन ठग उभे करायचे तर तिघांना वाटा द्यावा लागतो. आज एक माणूस दहा फोन समोर ठेवून दहा माणसे होऊ शकतो. आणि संगणकाचा एक प्रोग्रॅम हाताशी असला तर दहाची शंभर माणसे करायला त्याला चहाच्या घोटाएवढाही वेळ लागत नाही. असे आपोआप बोलणारे, माणसाचे नाव आणि फोटो लावलेले खाते म्हणजेच 'बॉट'.

ग्रुपच्या आत काय चालते

शेअरच्या या ग्रुपांची रीत आता पोलिसांच्या तक्रारवह्यांतून सर्वांना पाठ झाली आहे. सुरुवात बहुधा एखाद्या जाहिरातीने होते. त्यात टीव्हीवर दिसणाऱ्या एखाद्या अर्थतज्ज्ञाचा चेहरा आणि आवाज असतो, आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला असतो. जाहिरातीवर बोट ठेवले की माणूस थेट ग्रुपमध्ये येऊन पडतो. पहिले काही आठवडे पैशाची गोष्टच निघत नाही. रोज धडा, गृहपाठ, बरोबर उत्तराला छोटेसे बक्षीस. या काळात ग्रुपवरचे बाकीचे लोक आपापसात बोलत असतात आणि नवीन माणूस ते वाचत असतो. त्या आपापसातल्या बोलण्यासाठीच तर ग्रुप असतो. प्रोफेसर काय शिकवतात याला फारसा अर्थ नसतो.

मग हळूच अॅप येते. त्यात भरलेले पैसे दिवसागणिक वाढताना दिसतात. ते वाढलेले आकडे म्हणजे पडद्यावर काढलेली रांगोळी. पण मामांनी एकदा ८ हजार रुपये काढून पाहिले, तर ते खरोखर खात्यात जमा झाले. इथे भलेभले फसतात. आठ हजार परत देऊन सहा लाख मिळत असतील तर कोणता ठग ते देणार नाही? मोठी रक्कम काढायची म्हटली की मात्र 'कर', 'शुल्क', 'अनामत' अशी नवी मागणी सुरू होते. मामींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मामांनी दोन लाख काढायला घेतले. गुडघे दोघांचेही दुखतात, पण मामींचे डॉक्टरांनी लवकर करायला सांगितले होते. तेव्हा त्यांच्याकडे नफ्यावरचा १५ टक्के कर आधी भरा, अशी मागणी झाली. हिशेबात मुरलेला माणूस तिथे थबकला. कर नफ्यातून कापून घ्यायचा सोडून वेगळा आणि आधी कशाला मागतात, हे त्यांना पटेना. त्यांनी ग्रुपवर लिहिले, 'माझे पैसे अडकले आहेत. आणखी कोणाला हा अनुभव आला आहे का?'

११२ जणांच्या त्या ग्रुपवर कोणीही उत्तर दिले नाही. मिनिटभराने एकाने 'आज २२ टक्के नफा, थँक यू सर' असे लिहिले. दुसऱ्याने हात जोडल्याचे चित्र टाकले. तिसरा संदेश येण्याआधीच मामांना ग्रुपमधून काढून टाकण्यात आले होते.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०२४ च्या जानेवारी ते एप्रिल या चारच महिन्यांत शेअर व्यवहारांच्या नावाने झालेल्या फसवणुकीच्या २०,०४३ तक्रारी आल्या आणि त्यांत १,४२० कोटी रुपये गेले. म्हणजे एका तक्रारीमागे सरासरी सुमारे ७ लाख. हा भागाकार मामांनीच करून दाखवला आणि म्हणाले, "मी सरासरीच्या थोडा खालीच आहे." २०२४ या पूर्ण वर्षात सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत लोकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले आहे.

टंकलेखन कोण करते?

शंभर जणांतले बहुतेक खोटे, हे एकदा लक्षात आले की पुढचा प्रश्न येतो. मग ते लिहिते कोण?

काही ठिकाणी माणसेच लिहितात, आणि त्यातली कित्येक स्वखुशीने नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून ठेवून त्यांच्याकडून अशी ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जात असावी. परदेशी चांगली नोकरी आहे म्हणून बोलावायचे, पासपोर्ट काढून घ्यायचा आणि फोन हातात द्यायचा. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अशा नोकऱ्यांच्या आमिषाबद्दल २०२२ मध्येच तरुणांना सावध केले होते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. आपल्याला रोज 'गुड मॉर्निंग' करणारा हात कदाचित अशा एखाद्या मुलाचा असतो.

आणि आता त्या मुलाच्या मदतीला यंत्र आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटाने सांगितले की वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणूक केंद्रांशी संबंधित ६८ लाख व्हॉट्सअॅप खाती बंद करण्यात आली. त्याच वेळी कंबोडियातल्या एका टोळीचेही उदाहरण देण्यात आले. तिने लोकांना गाठण्यासाठीचा पहिला संदेश चॅटजीपीटीकडून लिहून घेतला होता.

पूर्वी अशा संदेशांची भाषाच त्यांना उघडे पाडत असे. 'प्रिय वापरकर्ता, आपण निवडले गेला आहात' असले मराठी वाचले की घरातली शाळकरी मुलेसुद्धा हसत. ते दिवस गेले. अजून कधीकधी यंत्राचा पाय घसरतो. २०२३ मध्ये अॅमेझॉनवरच्या काही ग्राहक अभिप्रायांत 'एक एआय भाषा मॉडेल म्हणून' अशी सुरुवात तशीच राहून गेली होती. ज्याने अभिप्राय लिहून घेतला त्याने तो चिकटवण्याआधी वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. पण अशा चुकांवर भिस्त ठेवून चालणार नाही.

कशी, ते स्वित्झर्लंडमधल्या झुरिक विद्यापीठाच्या एका प्रकरणावरून कळेल. रेडिट या संकेतस्थळावर एक प्रसिद्ध चर्चामंडळ आहे. तिथे लोक आपले मत मांडतात आणि 'हे बदलून दाखवा' असे इतरांना आव्हान देतात. सभासद सुमारे ३८ लाख, वादविवादात तरबेज. नोव्हेंबर २०२४ पासून काही महिने विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे कोणालाही न सांगता कृत्रिम बुद्धिमत्तेची खाती सोडली. या खात्यांनी सतराशेहून अधिक प्रतिसाद लिहिले. एक खाते अत्याचार सोसलेल्या माणसाचे होते, एक मानसिक आघातावर उपचार करणाऱ्या समुपदेशकाचे. समोरच्याचे जुने लिखाण चाळून त्याचे वय, तो पुरुष की स्त्री, त्याची राजकीय मते काय, याचा अंदाजही यंत्रच काढत असे आणि त्याला पटेल असे उत्तर तयार होई. संशोधकांनी स्वतःच कळवेपर्यंत प्रकार उघडकीला आला नाही. त्यांच्या प्राथमिक निष्कर्षानुसार यंत्राचे प्रतिसाद माणसांच्या प्रतिसादांपेक्षा तीन ते सहा पट अधिक वेळा मत बदलू शकले. एप्रिल २०२५ मध्ये ही बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि तो अभ्यास प्रसिद्ध न करण्याचे ठरले.

जिथे वाद घालणे हाच लोकांचा छंद आहे, तिथे ही गत. मग सकाळचा चहा घेत फोन वाचणाऱ्या आपण भाषेवरून खोटे ओळखू, अशी आशा का ठेवावी?

'मशीनने लिहिलेले ओळखून देतो' अशा जाहिराती करणारे प्रोग्रॅमही मिळतात. त्यांच्यावरही माझा फारसा विश्वास नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असा एक प्रोग्रॅम काढला आणि तो पुरेसा अचूक नाही म्हणून जुलैमध्ये मागे घेतला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की असले प्रोग्रॅम इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे खरे निबंधही मोठ्या संख्येने यंत्राचे ठरवतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. मधुमेहाच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णांच्या ग्रुपवर कोणी मन मोकळे करणारे, नीट वाक्यरचनेचे चार परिच्छेद लिहिले आणि त्यावर कोणी 'हा बॉट दिसतो' अशी टिप्पणी टाकली, तर लिहिणाऱ्याला काय वाटेल, याचाही विचार करायला हवा.

वाक्य सोडा, माणूस पाहा

मग ओळखायचे कशावरून? माझ्या मते वाक्यांकडे पाहणे सोडून त्यामागच्या माणसाकडे पाहावे. वाक्य फुकट तयार होते. माणसाचे मागचे आयुष्य तयार करायला अजूनही कष्ट पडतात.

आमच्या इमारतीचाच ग्रुप घ्या. पाण्याची टाकी कधी धुणार यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि सेक्रेटरी यांची जुंपलेली असते. मध्येच कोणीतरी देवाचा फोटो टाकते. एक आजी चुकून आपल्या मुलाला पाठवायचा निरोप सगळ्यांना पाठवतात. कालच उत्तर दिलेला प्रश्न आज पुन्हा येतो. दहा जण गेले वर्षभर काही न बोलता नुसते वाचत आहेत. खऱ्या माणसांचा ग्रुप असा असतो, अर्धा कंटाळवाणा आणि अर्धा भांडखोर. मामांच्या ग्रुपवर मात्र कोणी कधी भांडले नव्हते, कोणाला तोटा झाला नव्हता, विषय सोडून कोणी बोलत नव्हते. शेअर बाजारात पैसे घातलेली शंभर माणसे तीन महिने एकमताने खूश आहेत, ही गोष्टच अशक्य. जो ग्रुप फार गोड वागतो तिथे थोडे थांबावे, मग तो शेअरचा असो, वजन कमी करणाऱ्या पावडरीचा असो की घरबसल्या कमाईचा.

फेसबुकसारख्या ठिकाणी त्या माणसाचे जुने लिखाण चाळता येते. खऱ्या बाईच्या खात्यावर २०१४ साली भाचीच्या बारशाचा फोटो असतो, वाढदिवसाला नणंदेने दिलेल्या शुभेच्छा असतात, एखाद्या मालिकेवरची नाराजी असते. बनावट खाते बहुधा कालपरवाचे असते, किंवा जुने असले तर मधली चार-पाच वर्षे कोरी असतात आणि मग एकदम एकाच विषयावर धबधबा सुरू होतो. कारण जुनी खाती चोरलीही जातात आणि विकतही मिळतात. फोटो फारच देखणा असेल तर तो गुगलच्या लेन्समध्ये टाकून पाहावा. कधीकधी ती 'नागपूरची गृहिणी' कुठल्याशा परदेशी कपड्यांच्या जाहिरातीत सापडते. वेळाही पाहाव्यात. माणूस झोपतो, स्वयंपाक करतो, बसमध्ये लोंबकळतो. एका मिनिटात आठ जणांनी आभार मानले आणि मग तासभर सामसूम झाली, तर एकच हात आठ फोनांवर फिरला असे समजायला हरकत नाही.

आडवा प्रश्न विचारून परीक्षा घ्यावी, असे पुष्कळ जण सांगतात. नाशिकला कुठे राहता, जवळची शाळा कोणती, वगैरे. पूर्वी हे चाले. आता यंत्र गंगापूर रोडचे नाव झटक्यात सांगेल, वर थंडी कशी पडली आहे तेही सांगेल. चांगले उत्तर मिळाले म्हणून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा ग्रुपवर उघडपणे एक साधा, सभ्य, पण गैरसोयीचा प्रश्न टाकून पाहावा. 'यात कोणाला तोटा झाला आहे का?' किंवा 'सरांचा सेबीचा नोंदणी क्रमांक मिळेल का?' खऱ्या ग्रुपवर यातून वाद पेटतो. खोट्या ग्रुपवर तुम्हाला बाजूला घेऊन समजावले जाते किंवा दार दाखवले जाते. क्रमांक मिळालाच तर तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून देणारेही आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या संस्थांना पैसे भरण्यासाठी वेगळे यूपीआय पत्ते देण्यात आले आहेत, त्यांत '@' या चिन्हानंतर 'व्हॅलिड' हा शब्द असतो. 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट'मधून, डिमॅट खाते न उघडता शेअर घेऊन देतो असे कोणी म्हणत असेल, तर अशी सोयच नाही, हे सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

पण या सगळ्याहून जुना आणि खात्रीचा उपाय आपल्या घरातच आहे. मुलीला स्थळ सांगून आले की आपण काय करतो? मुलाकडच्यांनी आणलेल्या चार माणसांची स्तुती ऐकून लग्न ठरवत नाही. त्या गावात आपले कोण आहे ते शोधतो, मुलाच्या कचेरीत ओळख काढतो, शेजारणीला विचारतो. म्हणजे असा साक्षीदार शोधतो, ज्याला आपण स्वतः निवडले आहे. ग्रुपमधले ११२ जण मामांना ग्रुपनेच दिलेले होते. त्यांतल्या एकालाही मामांचा एखादा नातेवाईक, जुना सहकारी, गल्लीतला माणूस प्रत्यक्ष भेटलेला नव्हता. शंभर साक्षीदार एकाच विहिरीतले पाणी पाजत असतील तर तो एकच साक्षीदार धरावा.

खरेदीच्या वेळी वाचायच्या अभिप्रायांनाही हेच लागू आहे. जुलै २०२२ मध्ये अॅमेझॉनने पैसे किंवा फुकट वस्तू देऊन अभिप्राय लिहून घेणाऱ्या दहा हजारांहून अधिक फेसबुक ग्रुपांच्या चालकांवर दावा लावला होता. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणले, पण ते ऐच्छिक आहे. मिक्सर घेताना मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून तीन तारेवाल्यांचे वाचते. 'भांडे चांगले, पण झाकण घट्ट बसत नाही' असे पैसे घेऊन कोणी लिहीत नाही.

आणखी एक काम आज रात्री जेवणानंतर दोन मिनिटांत होण्यासारखे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन घ्या. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मग ओळखीबाहेरच्या कोणाला त्यांना परस्पर ग्रुपमध्ये ओढता येणार नाही. पैसे गेलेच असतील तर रडत किंवा एकमेकांना दोष देत बसू नका. त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पळत असतो. वाटेत कुठे सापडला तर बँक तो गोठवू शकते. इथे एक-एक तास मोलाचा असतो.

मामांनी तीन दिवस घालवले. मामींना काय सांगायचे, या विचारात. चौथ्या दिवशी मामींनीच त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले आणि शेजारच्या मुलाला बोलावून १९३० लावून घेतला. तक्रार झाली. एका खात्यात १ लाख १० हजार रुपये अडवून ठेवलेले सापडले, ते परत मिळवण्यासाठी कोर्टात अर्ज केला आहे. बाकीचे कुठे गेले ते कळलेले नाही. मामींची शस्त्रक्रिया माझ्या मावसभावाने दिलेल्या पैशांत झाली.

दिवाळीत मी पुन्हा बडोद्याला गेले होते. मामा पैशाबद्दल फारसे बोलत नाहीत. त्यांच्या मनात वेगळीच गोष्ट अडकून राहिली आहे. फराळाचे ताट पुढे ओढताना त्यांनी मला हळूच विचारले, "ती नाशिकची बाई तरी खरी असेल का गं? रोज विचारायची गुडघा कसा आहे म्हणून."

अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम नावाच्या प्राध्यापकाने १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा एक प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो आपलेच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारी, बाकी त्याला काही कळत नसे. वायझेनबाम यांच्या सचिव बाईंना तो कसा बनला हे ठाऊक होते. तरी त्याच्याशी बोलताना त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जायला सांगितले. मामांना मी हे सांगितले नाही. ती बाई यंत्र असेल, कुठे तरी कोंडून ठेवलेला एखादा मुलगा असेल, किंवा मामांसारखीच फसलेली खरीखुरी नाशिकची बाईही असेल. अशा ग्रुपांत मोजके का होईना, खरे गिऱ्हाईक असतेच.

"सांगता येत नाही, मामा," मी म्हटले.

"तिचा नंबर आहे माझ्याकडे लिहिलेला," मामा म्हणाले. मामी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेला तो कागद काढला आणि तक्रारीच्या फायलीत नीट लावून ठेवला.